दगड म्हणतो चाल, दिवा म्हणतो थांब

थांबलं तर सायकल जप्त, न थांबलं तरी सायकल जप्त! करंजगड संस्थानातल्या लोकांनी करायचं तरी काय?

त्याचं असं झालं. रणधीरराव महाराज विलायतेहून परतले ते एक मोटार आणि एक दिवा घेऊन. दिव्याला एका अंगाला तांबडी काच, दुसऱ्या अंगाला हिरवी. राजवाड्यासमोरच्या चौकात मधोमध खांब रोवून महाराजांनी तो वर बसवला, म्हणजे चहा पिता पिता सज्जातून दिसावा. दोरी ओढून काच फिरवायला कोंडाजी हवालदार नेमला. मग दवंडी पिटली, की तांबडी काच समोर असताना कोणीही दिवा ओलांडून जायचं नाही. आता संस्थानात मोटार एकच, तीही महाराजांची. म्हणजे हुकूम कोणाला? सायकलवाल्यांना!

तेही चाललं असतं. पण वाड्याच्या दरवाजाशी पणजोबा महाराजांच्या वेळचा एक लांबलचक दगड होता. त्यावर कोरलेलं, की वाड्यासमोर कोणी क्षणभरही थांबू नये. पणजोबांना कोणी वाड्याकडे टकमक बघितलेलं खपत नसे म्हणे. पणजोबा गेले, दगड राहिला. झालं! थांबला तो दगडाचा गुन्हेगार, न थांबला तो दिव्याचा. कोंडाजीची तर चंगळच झाली. सायकली कोंबून कोंबून पागेत घोड्यांना शेपूट हलवायला जागा उरली नाही.

त्यातच भिवा गवळ्याची सायकल गेली. भिवाचा पाय मोडलेला, म्हणून त्याची मुलगी चांगुणा त्या सायकलीला दह्याच्या किटल्या अडकवून गावभर रतीब घालायची. सायकल गेली तशी घरातली चूलही थंडावली. पोरगी तडक दरबारात उभी राहिली. दोन्हीपैकी कोणता हुकूम पाळायचा तेवढं सरकारांनी सांगावं, मी तो पाळते, असं तिचं म्हणणं.

आता आमचे महाराज म्हणजे हट्टाचे पुतळे. एक हुकूम पणजोबांचा, तो मोडवत नाही. दुसरा स्वतःचा, तो तर त्याहून मोडवत नाही. दिवाणजींनी काही सुचवायला तोंड उघडलं, पण महाराजांच्या थरथरत्या मिशा बघून जांभई आल्यासारखं करून ते मिटलं.

"दोन्ही पाळायचे," महाराज म्हणाले. "उद्या सकाळी सायकल घे आणि पाळून दाखव. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर सायकल वितळवून घोड्यांचे नाल करीन!"

"आणि सरकार, हुकूम सगळ्यांनाच लागू ना?"

"सगळ्यांना. आम्हालासुद्धा!"

चांगुणा मुजरा करून निघून गेली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू एकट्या दिवाणजींनी पाहिलं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात थांबायची सोय नव्हती, म्हणून अख्खा गाव गच्च्यांवर चढला. महाराज सज्जात. चांगुणा किटल्या लावून सायकलवर आली. कोंडाजीने दोरी ओढून तांबडी काच समोर आणली. पोरगी दिव्यापाशी आली, हँडल वळवलं आणि खांबाभोवती गोल गोल फिरायला लागली. थांबेना आणि पुढे जाईना!

"तांबडाच राहू दे," महाराज वरून गरजले. "बघू किती फिरते!"

तेवढ्यात पोस्टमन आला. त्याने क्षणभर बघितलं आणि तोही तिच्यामागे फिरायला लागला. मागून शाळामास्तर आले, मग पानवाला. ज्याची म्हणून सायकल अजून वाचली होती, तो तो येऊन त्या रिंगणात शिरला. घंट्यांचा नुसता गजर. कोणाचा कोणाला धक्का नाही. वरून बघता बघता महाराजांचीच मान फिरायला लागली.

आता महाराज चिडले. पोरीला जाब विचारायला त्यांनी मोटार काढायला लावली. मोटार वाड्यातून बाहेर पडली, दिव्यापाशी आली, आणि शोफरने मागे वळून अदबीने विचारलं, "सरकार, थांबू की जाऊ?"

महाराजांनी तोंड उघडलं. एकीकडे पणजोबांचा दगड, दुसरीकडे स्वतःचा दिवा, आणि गच्च्यांवर सगळी प्रजा कान टवकारून बसलेली. महाराज हळूच म्हणाले, "फिरव."

अशी संस्थानची एकुलती एक मोटार गवळ्याच्या पोरीमागे गोल गोल फिरायला लागली. महाराजांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, अर्धा फेरा तू दिव्याच्या पुढे असतेस. हुकूम मोडलास!"

"अर्धा फेरा मागंबी असते की सरकार. पुढचं मागचं वजा केलं तर मी हाय तिथंच हाय. सरकार कुठवर पोचले?"

महाराजांच्या पोटातून आधी एक गुडगुड आली, मग मिशा हलल्या, आणि मग ते असे हसत सुटले की फेटा तिरका झाला. हिरवी काच, हिरवी काच, असं ते ओरडत होते. पण फिरणारे बघून बघून कोंडाजीला घेरी आली होती आणि तो खांबाला मिठी मारून बसला होता. शेवटी दिवाणजींनीच धावत येऊन दोरी ओढली.

हिरव्या काचेवर सायकली आणि मोटार चौकाबाहेर पडल्या, तेव्हा कुठे चांगुणा खाली उतरली. किटलीचं झाकण काढलं तर दह्याचं ताक झालेलं आणि वर लोण्याचा गोळा तरंगतोय. तोच तिने महाराजांच्या हातावर ठेवला.

महाराज बोटं चाटत म्हणाले, "हरलो बाई. पण खरं सांग, सायकलवाल्यांनी तांबड्या दिव्याला थांबावं की नाही?"

"थांबावं की सरकार. रोज थांबू. फक्त थांबू द्या."

"दिलं! आता माग काय ते."

"पागेतल्या सगळ्यांच्या सायकली सोडा. आणि तो पणजोबांचा दगड मला द्या."

"दगड? तो कशाला?"

"दिव्यापाशी आडवा टाकते. थांबल्यावर पाय टेकायला बरा पडंल."

दिवाणजींनी घाबरून डोळे मिटून घेतले. महाराज मात्र पुन्हा हसायला लागले, आणि हसता हसता फेटा सावरून स्वतःच दगडाला हात लावायला निघाले.