बोलकी तलवार आणि फणस

नीट आठवतंय अशी खात्री नाही. चुकलो तर सांभाळून घ्या. फार पूर्वी एका ताऱ्यावरून एक बोलकी तलवार जंगलात पडली. जो ती उचली, त्याचं मन ती नासवी. तिच्या नादाने वाघाने सख्ख्या भावाला हाकललं होतं. मग ती अस्वलमामीच्या हाती आली.

"मामी, त्या माकडराजाचं मुंडकं उडव. राज्य तुझं!" ती कुजबुजली.

मामीचे डोळे लाल झाले. "उडवू की! पण आधी फणस चीर, पिल्लं भुकेली आहेत."

फणस चिरला आणि चिकाने तलवारीचं तोंड पार चिकटलं. "म्म, म्म" एवढंच निघे. मामीचे डोळे निवळले.

"काय म्हणतात राणीसाहेब?" गरा खात माकडराजाने तलवारीकडे बोट दाखवून विचारलं.

"गोड आहे म्हणतात!" मामी म्हणाली.

तिने पुन्हा बोलावं म्हणून वाघाने तलवार नदीत घासघासून धुतली, पण व्यर्थ. कित्येक वर्षांनी मी स्वतः फणस चिरून खात्री केली: चीक पाण्याने जात नाही, त्याला तेल लागतं.