उंबरदऱ्याचं कडवं

घाटमाथ्यावरून उंबरदऱ्याकडे उतरू लागलं की तिसऱ्या वळणानंतर डाव्या अंगाला बांबूचे उंच खांब दिसतात. वीस-बावीस असतील. नवखा माणूस हमखास विचारतो, इथं मांडव पडायचाय का? मांडव नाही. त्या खांबांवर एक खरबरीत वेल चढलेली असते आणि भादवा सरता सरता तिला हिरवी, कागदासारखी हलकी बोंडं धरतात. बोंड चुरगळलं की बोटांना पिवळी भुकटी लागते आणि असा उग्र वास सुटतो की कुणाला लिंबाची साल आठवते, कुणाला ओलं गवत. शहरातले जाणकार तिला हॉपची, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेल म्हणतात. उंबरदऱ्यात तिचं नाव कडूवेल. नाचणीला मोड आणून, त्यात ही बोंडं उकळून, आंबवून घरोघरी जे पेय करतात ते कडवं. शेजारच्या कुठल्याच गावात ते होत नाही.

वेल इथं कशी आली हे केरबातात्या सांगतात. ऐंशी ओलांडलेले तात्या पाहुण्यांना खांबांखालच्या दगडावर बसवतात आणि आधीच बजावतात, "मी ऐकलंय तसं सांगनार. मधीच 'का' म्हणून इचारू नका. का, ते कुनालाच ठावं न्हाई."

कंपनी सरकारचा अंमल नुकताच बसला होता आणि वरच्या पठारावर साहेबांचे बंगले उठत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका चैत्रात एक गोरा माणूस एकटाच घाट उतरून खाली आला, असे सांगतात. बरोबर एक तट्टू, तट्टावर तांब्याचं भलंमोठं पातेलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काही मुळ्या. अंगातला कोट ठिगळाठिगळांचा. नाव हारीस. पलटणीतून सुटून आला होता की पळून, हे कुणाला सांगता येत नाही. बहिर्जी पाटलांनी त्याला खडकाळ उताराचा एक तुकडा दिला. तिथं गवतही धड उगवत नव्हतं, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

त्या उताराला लागून ठकूबाईचं घर होतं. ठकूबाई तिशीतली विधवा, पोटी मूल नाही. म्हातारे सासरे येसबा आणि ती, अशी दोघंच राहत. हारीस तिच्याकडून नाचणी न्यायचा आणि बदल्यात लाकडं फोडून द्यायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण लाकूड आणि नाचणी यांना भाषा लागत नाही, असं ठकूबाईला वाटायचं.

तरी त्याचं वागणं तिला उमगेना. नाचणी तो दळत नव्हता. भिजवून मोड आणायचा, उन्हात वाळवायचा, तव्यावर जरा भाजायचा आणि मग भरडायचा. लहान लेकरासाठी सत्त्व करतात तसं. पण त्याच्या घरात लेकरू कुठं होतं? त्याने खांब रोवले तेव्हा गावाला वाटलं, हा एखाद्या देवाची काठी उभारतोय. खांबांवर निशाण चढलं नाही, वेल चढली. पहिल्या पावसाळ्यात ती कुजली. दुसऱ्या पावसाळ्यात निम्मी कुजली. तिसऱ्या वर्षी दगडी बांधाच्या आडोशाला लावलेली तेवढी तगली आणि तिला बोंडं धरली. त्या दिवशी हारीस खांबाला मिठी मारून उभा होता म्हणे. ठकूबाई बांधाआडून बघत होती. हा हसतोय की रडतोय, ते तिला सांगता येईना.

त्याने पातेलं चुलीवर चढवलं. भरड ऊन पाण्यात भिजवली, गाळली आणि ते गोडसर पाणी उकळत ठेवलं. पहिली ओंजळभर बोंडं टाकली आणि गाणं म्हणायला लागला. एकच गाणं, सात वेळा. सातवं सरल्यावर शेवटची मूठ टाकली आणि त्याच वेळी "एलशी" असं काहीतरी म्हणाला. त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले. मग निवलेल्या पाण्यात एक काळपट काठी फिरवली, पातेल्यावर फडकं बांधलं आणि पाच दिवस त्याला हात लावला नाही.

सहाव्या दिवशी त्याने दोघांना बोलावून वाडगे पुढे केले. येसबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, वाडगा खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

"कडू हाय," येसबा म्हणाले.

"मग ठिवा की खाली, मामंजी."

"कडू हाय, पर आनखी घाल म्हनावं त्याला."

त्या वर्षापासून मोड आणायचं काम ठकूबाईकडे आलं. ते हारीसपेक्षा तिला चांगलं जमायचं. बाकीचं ती बघून बघून शिकली. पण बघून शिकण्यात एक घोळ होता. यातलं कामाचं काय आणि त्याची खोड कोणती, हे कळायला मार्ग नव्हता. गाणं म्हणायलाच हवं का? रडायलाच हवं का? एकदा तिने धीर करून विचारलं, "एलशी कोन? बायकू का?" हारीसने मान हलवली. "लेक का?" त्याने तशीच मान हलवली. "आई? देवी?" तो प्रत्येक वेळी तशीच मान हलवत राहिला, आणि त्यात हो किती अन् नाही किती, ते तिला उमगलं नाही.

एकदा तर तिने मायेपोटी अनर्थच केला. ती काळपट, चिकट काठी तिला बघवेना, म्हणून राखेने घासून, ओढ्यावर धुऊन, लखलखीत करून आणली. ते पाहून हारीस डोकं धरून खालीच बसला. त्या खेपेचं पाणी आंबलं नाही, नुसतं नासलं; विरजण त्या चिकट्यातच होतं. पुढे त्याने कडव्याच्या एका जुन्या बुधल्याच्या तळचा गाळ शोधला आणि काठी त्यात बुडवून वाळवली, तेव्हा कुठे पुन्हा फेस धरला. घाण ठेवायची आणि स्वच्छ करायचं नाही, असं या जगात काही असू शकतं, यावर ठकूबाईचा कितीतरी दिवस विश्वास बसेना.

अशी सात-आठ वर्षं गेली. उतारावरची तीन घरं कडवं प्यायला लागली. बाकी गाव नाक मुरडायचं. मग एका भादव्यात पाऊस थांबेचना. वरच्या पाणवठ्यावर दरड आली, गावाला लाल गढूळ पाणी येऊ लागलं, आणि आठवड्याच्या आत पटकी शिरली. सकाळी ज्याला उलटी व्हावी तो दिवेलागणीपर्यंत जात होता. पाटलांचा धाकटा मुलगा गेला. भिवा गुरवाची आई गेली. एकेका घरातून दोन-दोन.

आठव्या सकाळी हारीस ठकूबाईच्या दारात आला. अंगात कोट, पाठीवर पडशी. त्याने ती काठी तिच्या हातात दिली आणि काहीतरी बोलला. एरवी तो दोन-तीन शब्दांत भागवायचा; त्या दिवशी लांबलचक बोलला, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा. आणि भुवया उंचावून तिच्याकडे बघत थांबला.

हा काही सांगतोय की विचारतोय? चल म्हणतोय की थांब? वर जाऊन औषध आणतो म्हणतोय, की गाव सोडून जातोय? ठकूबाईला काहीच ठरवता येईना. ती काठी धरून नुसती उभी राहिली. तेवढ्यात आतून येसबांनी हाक मारली. तिने मान वळवून "आले" म्हटलं, आणि पुन्हा पुढे पाहिलं तर तो घाटाची वाट चढू लागला होता. वळून त्याने पाहिलं नाही.

दुपारी गुरव, पाटील आणि आठ-दहा माणसं कोयते घेऊन उतारावर आली.

"परक्याची येल गावात आली, म्हणून देवी कोपली," भिवा गुरव म्हणाला. "आज त्यो बी पळाला. आता ही तोडून टाकू."

ठकूबाई खांबांपुढे जाऊन उभी राहिली. आपण काय बोलणार आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं. तोंडातून आलं ते एवढंच:

"आमच्या घरात मरी न्हाई."

"म्हंजी?" भिवाने विचारलं.

"शेजारच्या दोन घरांतबी न्हाई. आमी तिन्ही घरं ह्येचं कडवं पितो."

पाटील पुढे आले. "मंग ती ह्या येलीमुळं का तुमच्या नशिबानं?"

"न्हाई ठावं."

"आनखी काय करता तुमी?"

"त्यो कच्चं, बिनउकळलेलं पानी कंदीच प्याला न्हाई. म्हणून आमीबी न्हाई पेत. का, ते न्हाई ठावं, पाटील. खोटं कशाला बोलू?"

ज्या बाईला काहीच ठाऊक नाही, तिच्याशी वाद तरी कसला घालायचा? पाटलांनी कोयता खाली केला. "कर तुजं कडवं. गावाला पाज. गुन न्हाई आला तर तुज्याच हातानं तोडायची."

ठकूबाईने चूल पेटवली. सगळा गाव भोवती जमला. पुढचे पाच दिवस थांबायला वेळ नव्हता, म्हणून आधी नुसती बोंडं घातलेलं उकळतं पाणी तिने घरोघरी वाटायला लावलं आणि पाणवठ्याचं कच्चं पाणी प्यायचं नाही, असं बजावलं. मग खरं पातेलं चढवलं. गाणं तिला येत नव्हतं. शब्दांच्या जागी तिने नुसता सूर गुणगुणला, सात वेळा, बोटं मोजत. शेवटची मूठ हातात घेतली आणि "एलशी" म्हणाली.

आता रडायला हवं होतं. रडू येईना. नवरा गेला तेव्हा जेवढं होतं तेवढं संपलं होतं, आणि या आठवड्यात मरणं बघून बघून डोळे कोरडे ठक्क पडले होते. पातेलं खदखदत होतं. मूठ तशीच टाकली तर गुण जाईल का? की रडण्याचा आणि गुणाचा काही संबंधच नाही? मूठ पातेल्यावर धरून ती थांबली.

"काय झालं गं?" पाटलांची बायको चिमाबाई पुढे आली. तिचा मुलगा जाऊन एकच दिवस झाला होता, आणि पाटलीणबाईंनी चारचौघांत रडू नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"हितं रडावं लागतं, वैनी," ठकूबाई हळूच म्हणाली. "मला येईना."

चिमाबाईने तोंडातला पदर काढला. आणि तिने जो हंबरडा फोडला, तो पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्यांनी ऐकला, असे सांगतात. तिच्या मागोमाग सगळ्या बाया, मग बाप्ये, मग कोयता हातात धरलेला भिवा गुरवही. आठ दिवस कुणालाच रडायला फुरसत मिळाली नव्हती. त्या कल्लोळात ठकूबाईने मूठ सोडली, आणि आपलेही गाल ओले झालेत, हे तिला हात लागल्यावरच कळलं.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं आजारी पडली, तिसऱ्या दिवशी एक. सहाव्या दिवशी कडवं तयार झालं आणि सारा गाव ते प्याला. त्यानंतर पटकीने कुणी गेलं नाही.

पाऊस उघडल्यावर पाटलांनी माणसं वर धाडली. बंगल्यांवरच्या लोकांनी सांगितलं, असा कुणी इथं आलाच नाही. वाटेत एके ठिकाणी कडा खचून वाट तुटली होती. कुणी म्हणालं, तो तिथंच गेला. कुणी म्हणालं, तो बंदरावर पोहोचला आणि गलबतात चढला. ठकूबाईने दोन्ही ऐकून घेतलं. कशावरच तिचा विश्वास बसला नाही.

गाव कशाने वाचलं, यावरही एकमत झालं नाही. पाटील म्हणायचे वेलीने, गुरव म्हणायचा देवीने, आणि बाया म्हणायच्या रडण्याने. ठकूबाईला विचारलं तर ती म्हणायची, "न्हाई ठावं. म्हणून समदंच करायचं. त्यातलं एक गाळलं आन् नेमकं तेच कामाचं असलं तर?"

ती पुष्कळ वर्षं जगली. पण त्या सकाळी दारात उभं राहून आपण काहीच बोललो नाही, हे तिच्या मनातून जाईना. पाणी भरताना, नाचणी पाखडताना ती हारीसचे ते शब्द जसे कानावर पडले तसे पुटपुटत राहायची, अर्थ लागतो का बघायची. लागला नाही. हात चालेनासे झाले तेव्हा तिने चिमाबाईच्या सुनेला बोलावलं, काठी तिच्या हातात दिली आणि ते सगळे शब्द तिच्या कानात सांगितले. सून काठी उलटसुलट करून बघू लागली.

"अगं, व्हय म्हन," ठकूबाई म्हणाली.

"पर कशाला व्हय?"

"ते मलाबी न्हाई ठावं. पर त्यो थांबला व्हता गं. कुनीतरी व्हय म्हनाया पायजे व्हतं."

सुनेने "व्हय" म्हटलं. तेव्हा म्हातारीने डोळे मिटले, असे सांगतात.

आज उंबरदऱ्यात घरोघरी अशी काठी आहे, आणि घरातली थोरली बाई धाकटीला ती देते तेव्हा तिच्या कानात काहीतरी सांगते. ते मोठ्याने बोलायचं नाही, असा नेम आहे. गेल्या आश्विनात तात्यांच्या घरातली काठी त्यांच्या नातसुनेकडे आली. ती साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकून आलेली. थोरलीने कानात सांगून झाल्यावर ती काठी घेऊन अंगणात आली. अंगणात बसलेल्या तात्यांना राहवलं नाही. "काय कळलं का गं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, तात्या," ती म्हणाली. "पण कुणीतरी वाट बघत उभं असल्यासारखं वाटलं. मग मी व्हय म्हणाले."