पांढरी पडलेली बोटं

एकदा काय झालं, फार दूरच्या देशात, एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात एक भित्रा माणूस राहत होता. भित्रा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी किडकिडीत मूर्ती उभी राहते, तशी ही नव्हती. काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे राबून त्याचे खांदे इतके रुंद झाले होते की, दारातून आत येताना त्याला अंग थोडं तिरकं करावं लागे. त्याचं नाव एमिल. तो भित्रा आहे हे गावात कुणालाही ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

हा एमिल रविवारी फुटबॉल खेळे. आपला नव्हे. अमेरिकेत त्याच नावाचा आणखी एक खेळ आहे, आणि गंमत अशी की, त्यात पायाला फारसं काम नाही. चेंडू काखेत मारून एकजण पळतो आणि सगळ्या टाळ्या तोच घेऊन जातो. परंतु त्याला पळायला वाट मिळावी म्हणून त्याच्यापुढे सात गडी ओळीने ओणवे होतात, एक हात जमिनीला टेकतात. समोर वीत-दीड वीत अंतरावर प्रतिपक्षाचे सात गडी तसेच ओणवे. चेंडू हलला की या दोन ओळी एकमेकींवर आदळतात. मी सांगतोय ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, म्हणजे हा खेळ पोटासाठी खेळायला नुकतीच कुठे सुरुवात झाली होती तेव्हाची. डोक्याला चामड्याची टोपी असे, तोंडापुढे काहीच नसे. ओळीतल्या गड्याचं नाव वर्तमानपत्रात यायचं ते हाड मोडलं तरच.

संघाला शिकवणारा एक वृद्ध होता. आपल्याकडे त्याला वस्ताद म्हटलं असतं, तेव्हा आपणही तेच म्हणू. वस्तादाने स्वतः पंधरा वर्षं ओळीत काढली होती. नाक दोनदा मोडलेलं, उजवा कान सुजून कायमचा बंद झालेला. अंगात बळ होतं तोवर ओळीत राहिला, मग बाकावर बसून इतरांना शिकवू लागला. बोलणं मोजकं. शाबासकी तर त्याहून मोजकी.

आता एमिलची भीती. गेल्या वर्षी याच मोसमात, पलीकडच्या खाणगावच्या संघाशी सामना होता. एमिलच्या डाव्या हाताला योनास नावाचा त्याचा मित्र खेळत होता. एमिलच्या समोर खाणगावचा तो प्रसिद्ध गडी होता, ज्याच्या नुसत्या गुरगुरण्याने भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे. सबंध दुपार एमिलने त्याच्या धडका सोसल्या. शेवटी शेवटी त्याचं अवसान संपलं. चेंडू हलला तेव्हा तो पुढे गेलाच नाही. जागच्या जागी नुसता उभा राहिला, क्षणभरच. समोरच्या गड्याला अडवायला कुणी उरलं नाही, तेव्हा तो वळला आणि खाली वाकलेल्या योनासवर बाजूने कोसळला. योनासची मान मोडली. नवव्या दिवशी तो गेला.

खेळात असं होतं, असं सगळे म्हणाले. एमिलच्या जागेकडे कुणाचं लक्षच नव्हतं. योनासच्या बायकोने एमिलचा हात हातात घेऊन म्हटलं, "तू त्याच्या शेजारी होतास, तेवढंच मला बरं वाटतं." त्या दिवसापासून एमिलला नीट झोप नव्हती.

आणि आता येत्या रविवारी तोच संघ, तोच गडी येणार होता. योनासच्या जागी टोबियास नावाचा नवा गडी आला होता, गेल्याच महिन्यात लग्न झालेला आणि सारखा हसणारा. त्याला हसताना पाहिलं की एमिल दुसरीकडे बघे. आपण पुन्हा तसेच मागे राहिलो तर? हा एकच प्रश्न त्याला जेवू देत नव्हता. स्वतःच्या मरणाचं भयही होतंच, ते मी नाकारत नाही. पण हे भय त्याच्याही वरचं होतं.

बुधवारी संध्याकाळी सराव संपला. वस्ताद म्हणाला, "एमिल, तू थांब." बाकीचे गेले. वस्तादाने बटाट्याचं एक रिकामं पोतं घेतलं, झटकलं आणि चक्क स्वतःच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढून घेतलं. डोळ्यांसाठी भोकसुद्धा नाही. मग तो ओणवा झाला, हात जमिनीला टेकला आणि पोत्यातून म्हणाला, "बस माझ्यासमोर. मी धडक देणार की मागे सरणार, ते आधी सांगायचं."

"वस्ताद, हे काय चाललंय?"

"सांगायचं म्हटलं ना!"

एमिल ओणवा झाला. समोर तोंड नव्हतं. डोळे, दात, कपाळाची शीर, यातलं काहीच नव्हतं. "मागे सरणार," तो म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने त्याला चिखलात उताणं पाडलं.

"पुन्हा."

असं वीस वेळा झालं असेल. गुरुवारी तेच. एमिलला वाटू लागलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय किंवा हा आपली थट्टा करतोय. शुक्रवारी तर त्याने ठरवलंच होतं की आज साफ नाही म्हणायचं. पण तोंड दिसत नसल्यामुळे त्याची नजर आपोआप खाली उतरली होती, आणि तिथे त्याला काहीतरी दिसलं. जमिनीवर टेकलेली वस्तादाची बोटं. कधी ती नखांपासून पेरांपर्यंत पांढरीफटक पडत, कधी नेहमीसारखी तांबूस असत.

"धडक," एमिल म्हणाला. धडक आली, पण या वेळी तो पडला नाही.

"मागे." वस्ताद मागे सरला.

"धडक. धडक. मागे." एकही चुकलं नाही. वस्तादाने पोतं काढलं. त्याच्या पांढऱ्या भुवयांत माती भरली होती. दोघे बाकावर बसले.

"कळलं?" वस्ताद म्हणाला. "तोंड हे दाखवण्यासाठी असतं. तो गडी दहा वर्षं लोकांवर गुरगुरतोय, त्याला ते छान जमतं. तुझं तोंडही काही कमी नाही, गावात तुला शूर म्हणतात. पण अंगाचा भार कुणाला लपवता येत नाही. पुढे जायचं ज्याच्या मनात असतं, त्याचा भार बोटांवर येतो आणि बोटं पांढरी होतात. ज्याच्या मनात नसतं, त्याचा भार टाचांवर राहतो, आणि बोटं तांबडी."

एमिल काही वेळ आपल्या हाताकडे पाहत बसला. मग त्याला एकाएकी काहीतरी सुचलं.

"वस्ताद," तो कसाबसा म्हणाला, "गेल्या वर्षी तो खेळ आपल्या बाकापुढेच चालला होता. सहा-सात हातांवर."

"हो."

"मग माझी बोटं..."

"पाहिली होती."

एमिलने तोंड झाकून घेतलं. रडताना त्याचे ते रुंद खांदे हलत होते. वर्षभर जे ओझं त्याने एकट्याने वाहिलं, ते दुसऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"माझं सगळं ऐकून घे," वस्ताद म्हणाला. "मी वर्षभर गप्प आहे, ते तुझ्यावर दया म्हणून नव्हे. नियम तुला माहीत आहे. खेळ चालू असताना बाकावरून शिकवणाऱ्याने ब्र काढायचा नाही. काढला तर पंधरा यार्ड दंड, तेवढं मैदान प्रतिपक्षाच्या पदरात. तुझी बोटं तांबडी दिसली तेव्हा चेंडू हलायला अजून वेळ होता. तुझ्या नावाने एक हाक मारायला पुरेल इतका वेळ. पण आपण पुढे होतो, आणि माझ्या मनात पंधरा यार्ड आले. मी गप्प बसलो. तू घाबरलास लेका, आणि मी हिशेब केला. योनास दोघांमुळे गेला."

एमिलने बाहीने डोळे पुसले.

"तुम्हाला भीती वाटायची, ओळीत असताना?" एमिलने शेवटी विचारलं.

"पंधरा वर्षं वाटली. पण तेव्हा ती एकाच अंगात मावायची. बाकावर आलो आणि संघातल्या अकराच्या अकरा जणांची भीती पोटात घेऊन बसायला लागलो. अकरा जणांची भीती आणि तोंडाला कुलूप." तो उठला. "रविवारी नाही खेळलास तर मी कारण विचारणार नाही. खेळलास तर आपली बोटं बघायची. त्याची नंतर."

रविवारी एमिल खेळला. भीती गेली होती का? मुळीच नाही. एखाद्या उपदेशाने भीती पळाली असती, तर आम्हां उपदेश करणाऱ्यांना केव्हाच दुसरा उद्योग शोधावा लागला असता! त्याची पाचावर धारण बसली होती. टोपीचा पट्टा बांधताना बोटं इतकी थरथरत होती की टोबियासनेच तो बांधून दिला, आणि वर हसून म्हणाला, "थंडी फार आहे आज."

चार डावांपैकी तीन एमिलने निभावले. दर वेळी ओणवं झालं की आधी तो आपल्या बोटांकडे बघे, आणि भार पुढे रेटी. समोरचा गडी गुरगुरत होता, शिव्या देत होता, एकदा तर त्याच्या तोंडावर थुंकलाही. चौथ्या डावाच्या शेवटी गावचा संघ चार गुणांनी पुढे होता, आणि चेंडू खाणगावकडे होता. खेळ बाकाच्या बाजूला सरकला होता. मिनिटभराचाच अवधी उरला होता. एमिलच्या भुवईतून रक्त वाहत होतं. तो ओणवा झाला. या वेळी बोटांकडे पाहायचं त्याला सुचलं नाही. त्याने समोरच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचा भार आपसूक टाचांवर गेला. शेजारी टोबियास मान खाली घालून सज्ज होता.

"एमिल! पुढे!"

सगळं मैदान दचकलं. वस्ताद बाकावरून उठून उभा राहिला होता आणि जिवाच्या आकांताने ओरडत होता. एमिलचं सबंध अंग पुढे झुकलं. चेंडू हलला. समोरचा गडी आला तो सरळ एमिलच्या खांद्यावर आदळला, आणि ती धडक त्याने छातीवर घेतली. दोघे एकमेकांत अडकून कोसळले. टोबियासला बाजूने कुणीही शिवलं नाही.

पंचाने शिटी फुंकली. दंड पंधरा यार्ड. पंधरा यार्ड म्हणजे तीस हात, आणि खाणगावच्या संघाला तेवढेच हवे होते. पुढच्या खेळीत त्यांनी चेंडू रेषेपार नेऊन सहा गुण केले. सामना गेला.

प्रेक्षकांनी वस्तादाला नको नको ते शब्द ऐकवले. संघाचे चिटणीस तावातावाने बाकापाशी आले. "तीस वर्षांचा अनुभव तुमचा!" ते कडाडले. "एक मिनिट, फक्त एक मिनिट तुम्हाला तोंड बंद ठेवता आलं नाही?"

वस्तादाने मैदानाकडे पाहिलं. टोबियास एका हाताने एमिलला उठवत होता आणि दुसऱ्या हाताने आपल्या बायकोला काहीतरी खुणावत होता.

"गेल्या वर्षी ठेवलं होतं," वस्ताद म्हणाला.

चिटणीसांना त्यातलं काही उमगलं नाही. एमिलने मात्र ते ऐकलं. त्याने रक्त पुसलं आणि तसाच, कपडेही न बदलता, तो योनासच्या घराच्या दिशेने चालू लागला. आता त्या बाईला जे सांगायचं होतं, त्याची त्याला आजच्या सगळ्या धडकांहून अधिक भीती वाटत होती. थोडं अंतर गेल्यावर त्याला मागून पावलं ऐकू आली. वस्तादही निघाला होता.