न सोडलेला हात

फार फार जुनी गोष्ट. ज्या राज्यात ती घडली, त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. तिथल्या एका गावात व्हायोलिन शिकवणारे एक गुरुजी राहत. त्या काळी तिथे व्हायोलिन कुठून आलं, असं विचारू नका. आलं होतं, आणि साऱ्या गावाला त्याचं वेड होतं.

गुरुजींची रीत अशी. ते शिष्याच्या पाठीमागे बसत. उजव्या हाताने त्याच्या गज धरलेल्या हाताचं मनगट पकडत आणि डाव्या हाताने त्याची बोटं तारांवर दाबत. सूर शिष्याने शोधायचाच नाही. शिक्षण पुरं झालं, की गुरुजींनी चार लोकांसमोर "सोडला हात" म्हणायचं. तोवर एकट्याने वाजवायचं नाही, असा रिवाज होता.

आणि गुरुजींनी कुणाचाच हात सोडला नाही! एखादा बेसूर निघाला, तर नाव त्यांचंच जाणार ना.

त्यांचे वीस शिष्य होते. त्यांत सर्वांत जुनी सुगंधा. ती बारा वर्षं शिकत होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती.

"तू लहान असताना जात्यावर मी जी ओवी गायचे, ती एकदा वाजव गं," आई म्हणायची.

"गुरुजींनी हात सोडला की वाजवीन हं, आई."

सुगंधाने गुरुजींची विनवणी केली, "आईचे फार दिवस राहिले नाहीत."

"अजून कच्चं आहे," गुरुजी म्हणाले.

गुरुजी म्हातारे झाले. ते सगळ्यांना जी धून शिकवत, तिच्यातल्या एका अवघड जागी त्यांचा हात थरथरू लागला, पण पकड काही सुटली नाही. मग एके दिवशी ते गेले. "सोडला हात" म्हणायचं राहूनच गेलं.

तेरा दिवस गावात कुणी वाद्याला हात लावला नाही. चौदाव्या दिवशी, भर दुपारी, आईला धाप लागली. सुगंधाने रिवाज बाजूला ठेवून व्हायोलिन उचललं. गज तारेला लागला मात्र, तिचं मनगट गार पडलं. मागे वळून पाहिलं, तर कुणी नव्हतं. बोटं आपोआप दाबली गेली आणि गुरुजींची धून सुरू झाली, अगदी बिनचूक. एका जागी गज थरथरला. त्याच जागी.

तेवढ्यात शेजारच्या घरातून तीच धून ऐकू आली. मग समोरच्या. मग वीसच्या वीस शिष्यांच्या घरांतून. सगळे गज एकाच वेळी थरथरले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण कुत्री ओट्याखाली जाऊन लपली.

आईने डोळे उघडले. "हे तर गुरुजी वाजवतायत. माझी लेक कुठंय?"

सुगंधा रडू लागली. तिने हात ओढला, तशी पकड आणखी आवळली. कानाशी कुणी म्हणालं, "अजून कच्चं आहे."

"चुकव गं," आई म्हणाली. "बेसूर वाजव. त्यांना ते सोसायचं नाही."

बारा वर्षांत सुगंधा एकदाही चुकली नव्हती. त्या गार हातापेक्षा तिला चुकायचीच भीती जास्त वाटली. तिने डोळे मिटले आणि बोट पडेल तिथे पडू दिलं. दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज निघाला. पकड सैल झाली. ती पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा चुकली, तेव्हा तो हात चटका बसल्यासारखा दूर झाला.

मग ती ओवी शोधू लागली. चुके, मागे येई, पुन्हा चुके. आई क्षीण आवाजात गुणगुणून वाट दाखवत होती. अखेर दोन ओळी सापडल्या.

"हां, ही माझी सुगी," आई हसून म्हणाली, आणि त्या दोन ओळी ऐकतच तिने प्राण सोडला.

सुगंधाच्या मनगटावर पाच बोटांचे निळे वळ जन्मभर राहिले. पुढे तीही शिकवू लागली. ती शिष्याच्या समोर बसे, स्वतःचे हात मांडीवर ठेवून, आणि पहिल्या दिवशी सांगे, "आधी चूक. मग आपण दोघं ऐकू."

बाकीच्या एकोणीस जणांना चुकण्याचा धीर झाला नाही. ते मरेपर्यंत बिनचूक वाजवत राहिले. त्यांच्या शिष्यांचे तरणे हातही त्या एका जागी थरथरतात, असं म्हणतात.

म्हणून लक्षात ठेवा, लहानांनो आणि त्यांना शिकवणाऱ्या मोठ्यांनो: ज्याला कधी चुकू दिलं नाही, त्याचा हात कधी त्याचा होत नाही.