न हुंगलेला चाफा

ज्या गावात रिक्षा जमिनीपासून वीतभर वर तरंगत धावतात आणि नर्सबाई कांडी फिरवून ताप उतरवतात, त्या गावात अबोलीच्या आईवर मात्र एकही मंत्र चालेना. देवळापुढे हार विकणारी ती बाई चार दिवस डोळे मिटून पडली होती.

"बाळा, आमची जादू संपली गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत जागी झाली नाही, तर..."

अबोलीला आईवाचून दुसरं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. आईसाठी भरलेली पाण्याची बाटली छातीशी धरून ती दवाखान्याच्या बागेत बसली आणि हमसून हमसून रडली. समोर सोनचाफ्याचं एक रोपटं वाळून चाललं होतं.

"आई तर पीत नाही, तू तरी पी रे," म्हणत तिने बाटली त्याच्या मुळाशी रिकामी केली.

आणि काय सांगू! पानापानावर सोनेरी ठिणग्या नाचल्या, एक इवलीशी कळी उमलली, आणि तिच्यातून बोटभर उंचीची, पिवळ्याधमक पंखांची परी बाहेर आली.

"माझी तहान भागवलीस गं! हे फूल घे. पोटभर हुंग आणि मनातलं माग. पण ऐक हं, एकच मागणं, आणि जो हुंगेल त्याचंच. तेही पाकळ्या काळ्या पडायच्या आत!"

अबोलीने फूल नाकाशी नेलं, आणि तिचा श्वास आपोआप अडला. अडणारच! हारवालीची पोर ती. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे तिला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक. टोपल्याच्या टोपल्या ओवल्या, पण वास कधी घेतला नव्हता. तिने फूल पुन्हा नेलं, श्वास पुन्हा अडला. एक पाकळी काळी पडली.

"देवा, आज माफ कर रे," म्हणत तिने जोर करून श्वास ओढला. पण रडून रडून नाक इतकं चोंदलं होतं की काही केल्या वास येईना. दुसरी पाकळी गेली, तिसरी गेली.

"मला वासच येत नाही गं परी!"

परी बिचारी काय करणार? नियम तो नियम. तिचेही डोळे भरले.

शेवटची पाकळी उरली. सगळं संपलं, हे अबोलीला कळलं. मग तिच्या मनात आलं, आईनेही जन्मभर फुलं ओवली, पण एकदाही हुंगली नाहीत. जायचीच असेल, तर निदान एका फुलाचा वास घेऊन जाऊ दे. ती धावत आत गेली आणि फूल आईच्या नाकाशी धरलं.

आईने एक श्वास घेतला. मग आणखी एक, खोल.

"कोण रडतंय? माझी अबोली?" ती पुटपुटली. "उठू दे बाई मला."

झालं! मागणं मागून झालं होतं. आई खरंच उठून बसली. खिडकीत सोनेरी उजेडाचा लोट उसळला, त्यात परी हसली आणि विरून गेली.

"अगं, चाफ्याला असा वास असतो होय?" आई म्हणाली.

"मला काय माहीत!" अबोली नाक पुसत म्हणाली, आणि आईला घट्ट बिलगली.

आता रोज टोपलीतलं पहिलं फूल अबोलीच्या नाकाशी जातं. देव अजून तरी रागावलेला नाही.