लिंबाजीचा शिधा

एका पेठेच्या गावी पूर्वी एक वृद्ध शास्त्रीबुवा न्यायदानाचे काम पाहत असत. निवाडा ते एकट्याने देत नसत. तंटा आला की गावातल्याच पाच जणांना पंच म्हणून बोलावायचे, त्यांच्यापुढे दोन्ही बाजू मांडायच्या आणि पाचांचे एकमत झाले की तोच निवाडा, अशी तिथली रीत होती. पंच बसलेले असेपर्यंत त्यांच्या घरी गावाच्या कोठारातून शिधा जाई. कोणाला किती द्यायचा, हे शास्त्रीबुवा ठरवीत.

त्यांचा शिष्य नीळकंठ साक्षी लिहून घेई आणि शिधा पोहोचवी. लहानपणापासून तो गुरूंच्या घरी वाढला होता. धर्मशास्त्रातली वचने त्याला मुखोद्गत होती, अक्षर मोत्यासारखे होते, आणि आपल्याइतका तयार शिष्य शास्त्रीबुवांना दुसरा मिळाला नाही, हे तो जाणून होता.

एकदा येसूबाई नावाच्या तरुण विधवेचा तंटा आला. नवऱ्याच्या पश्चात बाजारातला त्यांचा गाळा दिराने ताब्यात घेतला होता. ‘भावाने मरतेवेळी तोंडी मला दिला,’ असे तो म्हणे, आणि तसे ऐकल्याची साक्ष द्यायला त्याने दोन माणसेही आणली होती. येसूबाईच्या बाजूने बोलू शकेल असा एकच माणूस होता, शेवटपर्यंत उशाशी असलेला वैद्य. पण तो परगावी एका रोग्यापाशी अडकला होता.

पंचांत एक धान्याचे मोठे व्यापारी होते, दोघे जमीनदार होते, एक सराफ होता आणि पाचवा लिंबाजी बुरूड. सुपे आणि टोपल्या विणून तो पोट भरी. शास्त्रीबुवांनी पहिल्या चौघांना नुसता विडा आणि नारळ ठरवला, आणि लिंबाजीच्या घरी मात्र रोज जोंधळे, डाळ, तेल आणि वर थोडी रोकड.

नीळकंठाच्या मनात तेव्हाच काटा रुतला. सभेत शास्त्रीबुवा लिंबाजीला “या, बसा,” म्हणत. लिंबाजी काही विचारू लागला की पुढे झुकून ऐकत. नीळकंठ खाली मान घालून लिहीत असे आणि मनात म्हणे, ‘मी इतकी वर्षे घोकले, जागलो, यांचे पाय चेपले. मला काय मिळते? दोन वेळचे जेवण आणि दसऱ्याला धोतरजोडी. आणि ह्याला अक्षरओळखही नाही, तरी ह्याच्या दारात पोते.’ लिंबाजी हसला तरी त्याला राग येई, गप्प बसला तरी येई. एकदा ऊन लागून लिंबाजीचा डोळा लागला, तेव्हा तर नीळकंठाला आनंदच झाला. त्याने गुरूंकडे पाहिले. पण गुरूंनी फक्त खिडकी लावून घ्यायला सांगितली.

त्या दिवशी नीळकंठाने लिंबाजीचे पोते कोठारातच ठेवले. ‘उद्या दोन्ही दिवसांचे एकदम नेऊ,’ असे त्याने स्वतःला सांगितले. दुसऱ्या दिवशीही तो गेला नाही. त्यानंतर जायला त्याला लाज वाटू लागली, आणि लाज वाटली म्हणून लिंबाजीवरचा राग आणखी वाढला.

सभेत आतापर्यंत चौघे पंच म्हणत होते, “किती थांबायचे? दोन साक्षी झाल्या, पुरे.” आणि लिंबाजी एकटा म्हणे, “वैद्याला येऊ द्या. त्याचं ऐकल्याबिगर मी हो म्हणायचा न्हाई.” पण शिधा थांबल्यापासून चौथ्या सकाळी शास्त्रीबुवांनी विचारले, तेव्हा तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “माझी काही हरकत न्हाई. समद्यांचं तेच माझं. देऊन टाका निवाडा.”

येसूबाईने दचकून त्याच्याकडे पाहिले. दिराच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. नीळकंठाने बोरू शाईत बुडवला.

“थांब,” शास्त्रीबुवा म्हणाले. लिंबाजीकडे ते थोडा वेळ पाहत राहिले. मग उठून उभे राहिले. “निवाडा आज नाही. पंचांनी आमच्याकडे जेवायला यावे. लिंबाजी, घरच्या सगळ्यांना घेऊन या. नीळकंठ, तू आज जेवू नकोस. दुपारी दिराच्या साक्षीदारांची फेरतपासणी आहे, ती उपाशीच लिहून घे.”

कोणाला काही कळले नाही. ओसरीवर लिंबाजीची बायको आणि मुले मान वर न करता जेवत होती, आणि शास्त्रीबुवा स्वतः वाढत होते. असे त्यांनी आपल्या ताटात कधी वाढले होते, हे आठवण्याचा प्रयत्न करीत नीळकंठ आतल्या खोलीत बसून राहिला.

दुपारी साक्षीदार बोलू लागले. नीळकंठ लिहू लागला. सूर्य कलायला लागला तसे शब्द त्याच्या कानांवरून जाऊ लागले. पोटात आग पडली होती. साक्षीदार एकच गोष्ट पुन्हा सांगत होता की वेगळी, हे त्याला कळेना. मनात एकच इच्छा उरली. गाळा येसूबाईला मिळो की दिराला, पण हे आता संपू दे.

आणि हे मनात येताच त्याचा हात थांबला.

सभा उठल्यावर शास्त्रीबुवांनी विचारले, “दुसरा साक्षीदार काय म्हणाला?”

“मला आठवत नाही,” नीळकंठ म्हणाला. मग बोरू खाली ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, “शिधा मीच नेला नव्हता. तीन दिवस.”

“सकाळी शंका आली होती. त्याच्या मुलांना जेवताना पाहिले, तेव्हा खात्री पटली,” शास्त्रीबुवा म्हणाले. “बैस. तुला वाटते, मी लिंबाजीच्या अकलेचे मोल देतो आणि ते तुझ्या अकलेहून जास्त ठरवतो. अकलेचे मोल गावाचे कोठार रिकामे केले तरी व्हायचे नाही. आपण त्याचा दिवस मागून घेतो. तो दिवस त्याच्या घरच्यांचा असतो, म्हणून तो त्यांना भरून द्यायचा. व्यापाऱ्यांचे गुमास्ते दुकान चालवतात, त्यांचा दिवस बुडत नाही. लिंबाजीला शिधा दिला नाही, तर उद्या पंच म्हणून कोण बसेल? ज्याला कमवायची निकड नाही, तोच. मग येसूबाईसारखीला समजून घेणारे त्या पाचांत कोणी उरणार नाही.”

“आणि मी?” नीळकंठाने विचारले. विचारायचे नव्हते, तरी तोंडून निघून गेले.

शास्त्रीबुवा किंचित हसले. “माझ्या घरी तुला आजवर भूक लागू दिली नाही, म्हणून तुला काय मिळते ते तुला दिसले नाही. आता जेवून घे.”

नीळकंठ जेवला नाही. त्याने कोठार उघडले, तीन दिवसांचे धान्य पाठीवर घेतले आणि बुरूडआळीत गेला. लिंबाजी दारात बांबू चिरीत बसला होता. नीळकंठाने पोते खाली ठेवले आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. लिंबाजीने हातातला बांबू चिरून संपवला.

“मी त्या बाईला बुडवायला निघालो व्हतो, पंत,” तो शेवटी म्हणाला. “माझ्यापायी न्हाई, पोरांपायी. पन बुडाली असती ती.” मग त्याने पोत्याला हात घातला. “धरा त्या बाजूनं. आत ठेवू.”

दोन दिवसांनी वैद्य आला. मरण्याआधी दोन दिवस येसूबाईच्या नवऱ्याची वाचा गेली होती, असे त्याने शपथेवर सांगितले. तोंडी देण्याचा प्रश्नच उरला नाही. पाचही पंचांनी गाळा येसूबाईला दिला, आणि नीळकंठाने निवाडा लिहिला.

त्या संध्याकाळी शेवटचा शिधा मोजताना लिंबाजीचा वाटा पाहून त्याच्या मनात पुन्हा थोडे दुखले. त्याने ते दुखणे ओळखले, माप काठोकाठ भरले आणि पोते उचलले.

दुसऱ्याला काय मिळाले हे मोजण्याआधी, त्याच्याकडून काय मागून घेतले आहे, ते एकदा पाहावे.