विहिरीत सापडलेली माती

फार पूर्वी, डोंगराच्या उतारावर वसलेल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. वडिलांच्या माघारी वाटणी झाली, तेव्हा वरचा माथा थोरल्याला आला आणि खालचा मळा धाकट्याला. माथ्यावर नुसतं कमरेएवढं गवत. मळ्यात विहीर, आणि विहिरीभोवती गवार, वांगी, मेथी.

दोन्ही घरांत वसुबारसेचा एक नेम होता, सासूबाईंनी घालून दिलेला. त्या दिवशी धाकट्या जावेनं विहिरीच्या पाण्याची घागर घेऊन वर यायचं. थोरलीनं कुरणातल्या गवताची पहिली मूठ कापून ठेवायची. गाईला आधी खालचं पाणी पाजायचं, मग वरचा घास द्यायचा. दिवसभर उपास करून संध्याकाळी गाय-वासराला ओवाळायचं आणि दोघींनी एका ताटात बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खायची. सासूबाई म्हणत, "वरचं खाली जातं, खालचं वर येतं, म्हणून घर चालतं गं."

थोरलीची गाय होती कपिला. लग्नात माहेराहून तिच्यामागून चालत आलेली कालवड. आता तिला स्वतःचं वासरू होतं.

थोरल्याच्या मनात मात्र एक काटा रुतला होता. "धाकट्याचा मळा बघ, कसा हिरवागार आहे! आणि आपला माथा रिकामा पडलाय."

"रिकामा कुठं अहो? कपिला चरते, तिचं शेण मळ्याला जातं…"

"तेच म्हणतो मी! गवत आपलं, शेण आपलं, आणि वांगी त्याची!"

"रोज टोपलीभर येतात की वर."

"टोपलीभर वांग्यांनी मी काय राजा होणार आहे?"

वैशाखात त्यानं नांगर जुंपला. धाकटा धावत वर आला. "दादा, सगळा माथा मोडू नकोस. मोडायचाच तर नांगर आडवा घाल. नांगराचे असे उभे तास पडले तर पाण्याला माती घेऊन खाली यायला वाटच मिळेल."

"तुझी विहीर तू सांभाळ, माझा माथा मी सांभाळतो," थोरला म्हणाला आणि बैलांना उताराच्या सरळ रेषेत हाकत राहिला. थोरली दारात उभी राहून बघत होती. प्रत्येक तासाबरोबर गवताची मुळं उपटून वर येत होती. 

पहिल्या वर्षी बाजरी अशी आली, की कणसं हातभर! थोरला मिशांना पीळ देत गावभर हिंडला. त्या वसुबारसेला थोरलीला गवताची मूठ शोधायला मात्र ओढ्यापर्यंत जावं लागलं.

दुसऱ्या वर्षी पाऊस नेहमीसारखाच झाला. फरक जमिनीत पडला होता. तासातासांतून पाणी घसरलं, घळी पडल्या, आणि जागोजागी दगड दात विचकून वर आले. कणसं अंगठ्याएवढी राहिली. खाली विहिरीचं पाणी गढूळ झालं, मग काळं झालं, मग बादली टाकली तरी बुडेना.

कपिलेच्या बरगड्या दिसू लागल्या. रिकामी गव्हाण चाटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि थोरलीच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी थोरल्यानं नवं दावं आणून खुंटीला अडकवलं. "दिवाळी झाली की कपिलेला बाजारात नेतो. दारात उपाशी मारण्यापेक्षा ते बरं."

"उद्या हिला ओवाळू, आणि चार दिवसांनी विकू?" थोरलीनं विचारलं. "देवाला काय तोंड दाखवायचं?"

"देवाला म्हणावं, चारा दे."

वसुबारसेला पहाटेपासून थोरली विळा घेऊन फिरली. ओढाही सुका होता. मूठ काही भरली नाही. दिवस कलला, ताट तयार झालं, पण पायवाटेवर घागर दिसेना. थोरली दारातून वाट बघू लागली. रागावली असेल का धाकटी? रागवायचा हक्कच आहे तिचा. यंदा नेम मोडला, तर तो माझ्याच दारात मोडला.

तेवढ्यात पायवाटेनं दोघं येताना दिसली. धाकटीच्या डोक्यावर वाळकी गवार, मुळापाल्यासकट उपटलेली. धाकट्याच्या डोक्यावर जड टोपली.

"घागर कुठं आहे गं?" थोरलीनं विचारलं.

"विहिरीत पाण्याला जागाच उरली नाही, अक्का. गवार वाळली. म्हटलं, माणसांच्या ताटात नाही, तर कपिलेच्या तोंडी तरी लागू दे."

धाकट्यानं टोपली थोरल्यापुढं उतरवली. तीत ओला, मऊ गाळ होता.

"हे काय आणलंस?"

"तुझी वस्तू आहे, दादा. माझ्या विहिरीत सापडली. दुसऱ्याचं ठेवून घेऊ नये, असं आईनंच शिकवलंय."

थोरला चिडून काही बोलणार होता. पण त्याचा हात आपोआप टोपलीत गेला. मूठ उघडली, तर काळीभोर माती, आणि तिच्यात गवताची कुजलेली मुळं. हीच माती त्यानं नांगरून मोकळी केली होती.

"किती आहे अजून?"

"विहीर भरून आहे. काढू तेवढी आणतो. पण वर टाकून राहील कशाला? धरून ठेवणारं गवत कुठं आहे?"

 कपिला कुरुमकुरुम गवार चावत होती. थोरल्यानं खुंटीवरचं नवं दावं काढलं. थोरलीनं डोळे मिटून घेतले. उघडले, तर कपिला जागच्या जागीच, आणि तो त्याच दाव्यानं एक मोठा दगड बांधून उताराला आडवा ओढत होता. धाकटा मागून रेटायला गेला.

त्या संध्याकाळी दोघी जावांनी भाकरीबरोबर नुसतं मीठ खाल्लं. पण एका ताटात खाल्लं.

वर्षभर कपिला मळ्यात राहिली, मिळेल त्या पाल्यावर. माथ्यावर दगडांचे आडवे बांध उभे राहिले, बांधांमागे गाळ परत आला, गाळात गवताचं बी पडलं. पुढच्या वसुबारसेला धाकटीची घागर अर्धीच भरली, पण पाणी नितळ होतं.

थोरली विळा घेऊन निघाली, तसा थोरला खाकरला. "यंदा पहिली मूठ मी कापू का?"

गवत तसं विरळच होतं. मूठ मात्र भरली.

कपिला जशी आपल्याच घरी राहिली, तशी घराघरांतली गाय राहो.

तात्पर्य एवढंच: जमीन वाटून घेता येते, उतार वाटून घेता येत नाही. वरच्यानं माती धरली, तरच खालच्याला पाणी मिळतं, आणि ते पाणी शेवटी दोघांच्याही घागरीत येतं.